मशीन नंतर, आधी नळ: लॅबसाठी शुद्ध पाण्याची यंत्रणा निवडताना

नवी लॅब टाकणारी माणसं माझ्याकडं आली की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, मशीन कुठलं घेऊ?" हातात दोन-तीन ब्रोशर असतात, एखादं कोटेशन असतं आणि सेल्समननं डोक्यात बसवलेला पाण्याच्या शुद्धतेचा एक आकडा असतो, १८.२. मी विचारतो, तुमच्या नळाला जुलैमध्ये पाणी कसं येतं? तिथं गाडी अडते.

माझीही अडली होती. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आम्ही धातू आणि पाणी तपासायची छोटी लॅब चालवत होतो. मशीन घेतलं जानेवारीत. तेव्हा नळाचं पाणी आरशासारखं, टीडीएस, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते, मीटरवर दीडशेच्या आतबाहेर. कंपनीच्या माणसानं तेच पाणी मोजलं, त्यावर हिशेब केला आणि सांगितलं, कार्ट्रिज, म्हणजे पाण्यातले क्षार धरणारा बदलायचा डबा, आठ महिने कुठं जात नाही. मग २०१९चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी पंचगंगेनं कधीच मागं टाकली, शहराची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि बाहेर महापूर असताना घरातले नळ कोरडे पडले. आम्ही टँकर मागवला. त्यानं कुठल्यातरी बोअरचं पाणी आणलं. सॅम्पल खोळंबले होते, घाईत कुणी मीटर बुडवून बघितला नाही. आठ महिन्यांचं कार्ट्रिज नवव्या दिवशी संपलं. नवीन येणार पुण्याहून, आणि शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली.

खालच्या पायऱ्यांचा क्रम त्या ऑगस्टनं ठरवलाय. ब्रोशर सगळ्यात शेवटी उघडायचं.

पहिली पायरी: येणारं पाणी ओळखा

कोल्हापूरला पाण्याचं दुखणं नाही असं आपण म्हणतो, ते प्यायच्या पाण्यापुरतं बऱ्यापैकी खरं आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस भोगावती, कासारी, कुंभी, तुळशीतून पंचगंगेत येतो. हे पाणी क्षारांच्या हिशेबानं मवाळ. शिवाय २०२३च्या दिवाळीपासून काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आली. पण त्याच शहरात एखाद्या सोसायटीची टाकी निम्मी नळाची आणि निम्मी बोअरची असते. खाली शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीच्या पट्ट्यातलं बोअर बघितलं तर गणितच वेगळं. त्यामुळं "कोल्हापूरचं पाणी चांगलं आहे" या वाक्यावर मशीन घेऊ नका. तुमच्या बेसिनच्या तोटीतून येतं तेवढंच तुमचं पाणी.

चार गोष्टी मोजा. पहिली विद्युतवाहकता, म्हणजे कंडक्टिव्हिटी. खिशातला टीडीएस मीटर खरं तर हीच मोजतो आणि तिला साधारण अर्धा ते ०.७ या गुणकानं गुणून टीडीएस दाखवतो, म्हणून दोन मीटरांचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. दुसरी कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम. तिसरी मोकळा क्लोरिन. पाणीपुरवठ्याची माणसं ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग बघतात तीच चाचणी. चौथी गढूळपणा.

आणि हे एकदा मोजून भागत नाही. जानेवारीत मोजा, मेमध्ये मोजा, जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मोजा, टाकी धुतल्यावर मोजा. उन्हाळ्यात नदी आटते, केंदाळ वाढतं, पाण्यातला सेंद्रिय भाग चढतो. पावसाळ्यात गाळ येतो. पुरानंतर ब्लीचिंग पावडरचा हात सैल होतो आणि क्लोरिन वाढतो. लॅब पुढच्या महिन्यात सुरू करायची आहे, वर्षभर थांबायला वेळ नाही, अशी तुमची अडचण असणारच. मग एक सोपी युक्ती: त्याच इमारतीत कुणाकडं तरी स्वयंपाकघरात प्युरिफायर असतोच. त्याच्या बाहेरच्या फिल्टरची कांडी पावसाळ्यात किती दिवसांनी बदलावी लागते ते विचारा. एखाद्या लॅब रिपोर्टपेक्षा ती गृहिणी तुम्हाला जास्त खरं सांगेल.

आमच्याकडं लॅबचं काम बघणारे मामा आहेत. एका जूनमध्ये आम्ही पाच मायक्रॉनची पांढरीशुभ्र कांडी बसवली. महिन्याभरानं मामांनी हाउसिंग उघडलं आणि कांडी माझ्या टेबलावर ठेवली. बाहेरून विटकरी, हाताला बुळबुळीत, वजनाला दुप्पट. "साहेब, ह्यो फिल्टर न्हवं, चिखलाचा गोळा झालाय." ती चाळीस-पन्नास रुपयांची कांडी तिथं नसती तर तो गोळा आरओच्या मेंब्रेनवर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यावर, बसला असता, आणि मेंब्रेनला काही चाळीस रुपये पडत नाहीत.

आता बोअरनं कार्ट्रिज कसं खाल्लं ते आकड्यांत बघू, कारण सगळी निवड या एका हिशेबावर उभी आहे. मिक्स्ड बेड रेझिन, म्हणजे धन आणि ऋण दोन्ही आयन धरणाऱ्या मण्यांचं मिश्रण, ढोबळमानानं लिटरमागे २५ ग्रॅम क्षार धरतं. दीडशे टीडीएसचं नळाचं पाणी थेट त्यातून सोडलं तर एक लिटर रेझिन १६०-१७० लिटर पाण्यात संपतं. तेच पाणी आधी चांगल्या आरओतून नेलं आणि आरओनं ९८ टक्के क्षार अडवले, तर रेझिनपर्यंत तीनच मिलिग्रॅम पोचतात आणि तेच एक लिटर रेझिन आठ हजार लिटरपर्यंत जातं. आता टँकरचं हजार टीडीएसचं बोअर घाला. आरओनंतरही वीस मिलिग्रॅम उरतात आणि आठ हजाराचे साडेबाराशे होतात. त्यात बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. त्यातला मोकळा कार्बन डायऑक्साइड आरओ अडवत नाही, तो सरळ पार होऊन रेझिनच्या बोकांडी बसतो. त्यामुळं प्रत्यक्षात आयुष्य याहूनही कमी भरतं. आमचं मेंब्रेन तर क्षार चढून आधीच ९८ टक्क्यांवरून घसरलं होतं. मशीन तेच राहिलं, पाणी बदललं.

दुसरी पायरी: कामाला किती शुद्ध पाणी लागतं ते लिहून काढा

भारतीय मानक आयएस १०७० रिएजंट पाण्याचे, म्हणजे लॅबच्या कामात वापरायच्या पाण्याचे, तीन दर्जे सांगतं, आंतरराष्ट्रीय आयएसओ ३६९६ला धरूनच. २५ अंश सेल्सिअसला कंडक्टिव्हिटीची कमाल मर्यादा: तिसऱ्या दर्जाला ५, दुसऱ्याला १ आणि पहिल्याला ०.१ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर. सेल्समनचा तो १८.२ आकडा म्हणजे मेगओहम-सेंटिमीटरमधली रोधकता, कंडक्टिव्हिटीच्या बरोबर उलट. कंडक्टिव्हिटीत तो ०.०५५ होतो. पाण्याचे स्वतःचेच आयन काय ते उरतात, त्याच्या वर शुद्धतेचा आकडा जातच नाही. म्हणून दोन कंपन्यांच्या १८.२मध्ये "आमचा जास्त शुद्ध" असं काही नसतं.

काचसामान शेवटचं खळबळायला, ऑटोक्लेव्हला, वॉटर बाथला, नेहमीच्या टायट्रेशनला तिसरा दर्जा पुरतो. एएएस यंत्रावर धातू मोजायचे असतील, कमी प्रमाणातली मोजणी असेल तर दुसरा. एचपीएलसी, आयसीपी-एमएस, आयन क्रोमॅटोग्राफी यांसारख्या अतिसूक्ष्म मोजणीच्या यंत्रांना पहिला. पॅथॉलॉजी लॅबचं वेगळं आहे. तिथं ऑटोअ‍ॅनालायझरला सीएलएसआय या क्लिनिकल लॅबच्या मानक संस्थेनं सांगितलेलं क्लिनिकल रिएजंट पाणी लागतं: रोधकता किमान १० मेगओहम-सेंटिमीटर, सेंद्रिय कार्बन ५०० पीपीबीच्या, म्हणजे अब्जात ५०० भागांच्या, आत आणि मिलिलिटरमागे १०पेक्षा कमी जिवाणू. शेवटची अट बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटते. ऑटोअ‍ॅनालायझरच्या मॅन्युअलमध्ये पाण्याचं एक पान असतं, ते आधी वाचा. पेशी वाढवायच्या, पीसीआर करायचा तर एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) आणि आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) अडवणारा अल्ट्राफिल्टर हवा.

गावाकडची डेअरी लॅब, साखर कारखान्याची लॅब, फाउंड्रीची वाळू-धातू लॅब, कॉलेजची प्रॅक्टिकल्स, यांच्या नव्वद टक्के कामाला तिसरा किंवा दुसरा दर्जा बास आहे. हे माझं मत, आणि त्यावरून मी विक्रेत्यांशी भांडलोही आहे. बुरेट धुवायला १८.२चं पाणी वापरणं म्हणजे अंगणात सडा टाकायला गुलाबपाणी. पहिला दर्जा लागत असेल तर तेवढ्यापुरतं छोटं युनिट घ्या आणि बाकी सगळ्याला खालचं पाणी द्या.

कंडक्टिव्हिटी चांगली आली म्हणजे पाणी चांगलं, असं मात्र धरून चालू नका. हे पटवायला मी नव्या पोरांना एक प्रयोग करायला लावतो. तीन बीकरमध्ये पाव-पाव लिटर डिस्टिल पाणी घ्या. एकात चिमूटभर मीठ, दुसऱ्यात गुळाचा छोटा खडा, तिसऱ्यात चमचाभर साखर. ढवळा आणि टीडीएस मीटर बुडवा. मिठाला मीटर उसळी मारतो. गुळालाही आकडा चांगला चढतो, कारण गुळात उसाचे क्षार तसेच राहिलेले असतात. साखरेला जेमतेम हलतो. पाणी तोंडात धरवणार नाही इतकं गोड आणि मीटर म्हणतोय जवळपास शुद्ध! साखरेला विद्युतभार नाही, म्हणून ती मीटरला दिसतच नाही. पाण्यातले बहुतेक सेंद्रिय पदार्थ, कीटकनाशकांचे अंश, जिवाणू, हे सगळे असेच मीटरच्या नजरेआडचे. एचपीएलसीवर विचित्र शिखरं उगवतात ती यांच्यामुळं. म्हणून पहिल्या दर्जाच्या मशीनला टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, मोजायची सोय आहे का हे विचारायचं. टायट्रेशनवाल्यांनी त्यासाठी पैसे मोजायचं कारण नाही.

तिसरी पायरी: लिटर मोजा, अंदाज नको

एक आठवडा मामांना किंवा जो कुणी पाणी भरतो त्याला वही द्या. किती कॅन आणले, कुठं गेले, लिहू दे. समजा तीन केमिस्टच्या फूड लॅबमध्ये काचसामानाला २५ लिटर, रिएजंट आणि डायल्युशनला ६, ऑटोक्लेव्हला ५, एएएसला ३ असं निघालं, म्हणजे दिवसाला ३९. त्यात पुढच्या दोन वर्षांची वाढ म्हणून तिसरा हिस्सा जोडा, ५२ झाले. आता हे दिवसभर सारखं लागत नाही. सकाळी दहा ते बारा निम्मं उडतं. म्हणून ताशी १० लिटरचं मशीन आणि ५०-६० लिटरची टाकी, असा मेळ बसतो. टाकी गरजेपेक्षा मोठी नको, साठलेलं पाणी नासतं.

ब्रोशरवरचा ताशी १० लिटर हा आकडा २५ अंशांच्या पाण्याचा असतो. पाणी एक अंश गार झालं की मेंब्रेनचं उत्पादन साधारण तीन टक्क्यांनी घटतं. डिसेंबरच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १९ अंशांवर असेल तर १०चे आठ झालेच म्हणून समजा.

चौथी पायरी: पद्धत ठरवा

डिस्टिलेशनपासून सुरू करू, कारण प्रत्येक जुन्या कॉलेजात काचेचा स्टिल असतोच. एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते. यात सवलत नाही, हा निसर्गाचा दर आहे. शिवाय ती वाफ परत थंड करायला कंडेन्सरमधून पाणी सोडावं लागतं. ते ४० अंशांनी तापून बाहेर पडत असेल तर लिटरमागे तेरा-चौदा लिटर. बोअरचं पाणी घातलं की हीटरवर क्षाराचा थर चढतो आणि एक दिवस हीटर जातो. अमोनिया, क्लोरोफॉर्मसारखे उडणारे पदार्थ वाफेबरोबर पलीकडं जातात ते वेगळंच. दिवसाला चार-पाच लिटर लागतात, माणूस समोर बसलेला आहे, पाणी मवाळ आहे: अशा छोट्या लॅबला स्टिल आजही वाईट नाही. त्यापुढं नको.

नुसतं डीएम कॉलम, म्हणजे रेझिनची बाटली, स्वस्त आणि झटपट. वरचा हिशेब बघितलात तर थेट नळावर ते किती लवकर संपतं हे कळलंच असेल. आयन धरतं, पण सेंद्रिय पदार्थ आणि जिवाणूंचं काही करत नाही. उलट ओलं रेझिन पडून राहिलं तर जिवाणूंना तेच घर. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये बॉयलर हाउसच्या डीएम प्लांटचं पाणी कॅननं आणायची रीत आहे. मोजून वापरलं तर नेहमीच्या कामाला चालतं. मात्र गाळप संपलं की तो प्लांट थांबतो आणि ऑफ सीझनमध्ये लॅब कोरडी.

म्हणून बहुतेकांसाठी आरओ हा कणा, त्याच्यापुढं रेझिन. क्रम असा: पाच मायक्रॉनची कांडी, मग कार्बन, कठीण पाणी असेल तर सॉफ्टनर, मग आरओ, टाकी, मिक्स्ड बेड, यूव्ही, शेवटी ०.२ मायक्रॉनचा फिल्टर. क्रमातल्या प्रत्येकाला स्वतःचं काम आहे. कार्बन क्लोरिन खातो. तो नसेल तर आरओचं पॉलिअमाइड मेंब्रेन क्लोरिननं हळूहळू झिजतं आणि ते परत दुरुस्त होत नाही. पुरानंतर ब्लीचिंगचा वास येणारं पाणी आलं की कार्बन लवकर बदला, तारीख बघत बसू नका. सॉफ्टनर मेंब्रेनवर चुन्याचा थर बसू देत नाही. नदीच्या मवाळ पाण्याला तो बहुधा लागत नाही, बोअरला लागतोच. यूव्हीमध्ये दोन प्रकार: २५४ नॅनोमीटरचा दिवा जिवाणू मारतो, १८५ नॅनोमीटरचा सेंद्रिय कार्बन जाळतो. कोटेशनमध्ये नुसतं "यूव्ही" लिहिलेलं असेल तर कुठला ते लिहून घ्या.

ईडीआय म्हणून एक पद्धत आहे. रेझिन विजेवर सतत ताजं ठेवते, कार्ट्रिज बदलायची कटकट नाही. दिवसाला शंभर-दोनशे लिटर दुसऱ्या दर्जाचं पाणी लागणाऱ्याला ती परवडते. पण तिला कठीणपणा अजिबात सोसत नाही आणि मॉड्यूल एकदा गेलं की खिसा रिकामा. टँकरवर दिवस काढायची वेळ येणाऱ्या ठिकाणी मी तिचं नाव काढत नाही.

आणि घरगुती आरओ? स्वस्तात मिळतो म्हणून लॅबला लावलेला मी पाहिलाय. त्यातले बरेचसे चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा खनिजं घालतात. प्यायला ते ठीक. लॅबमध्ये मात्र काढलेलं मीठ परत घालायला आपण पैसे देतो. बॅटरीचं पाणी म्हणून मिळणाऱ्या कॅनचंही तसंच. मोजल्याशिवाय रिएजंटला लावू नका. दोन कॅन दोन तऱ्हेचे निघतात.

जाता जाता: आपल्याकडं कुठल्याही अल्ट्राप्युअर मशीनला "मिली-क्यू" म्हणतात, जशी कुठलीही फोटोकॉपी झेरॉक्स. ते एका कंपनीच्या मशीनचं नाव आहे. कोटेशन मागवताना नाव न घालता दर्जा आणि लिटर लिहा, म्हणजे तुलना करता येते.

पाचवी पायरी: पाच वर्षांचा हिशेब

मशीनची किंमत हा अर्धाच आकडा. समजा मशीन तीन लाखांचं आहे आणि कांड्या, कार्बन, मेंब्रेन, कार्ट्रिज, दिवा, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) मिळून वर्षाला ६० हजार जातात. पाच वर्षांत झाले सहा लाख. वर्षाला ३०० दिवस, दिवसाला १० लिटर धरले तर १५ हजार लिटर, म्हणजे लिटरला ४० रुपये. दुसरं मशीन दोन लाखांचं, पण वर्षाचा खर्च एक लाख: पाच वर्षांत सात लाख. स्वस्त मशीन महाग पडलं. तुमचे आकडे घालून हे कागदावर मांडा. खर्चाच्या रकान्यात जुलैचं पाणी धरा, जानेवारीचं नको.

आरओच्या रिजेक्ट पाण्याचं दुःख करणारे भेटतात. छोट्या मशीनला एक लिटरमागे तीन लिटर बाहेर जाणं नेहमीचं आहे. दीडशे टीडीएसचं पाणी असेल तर ते रिजेक्ट दोनशेचं होतं, म्हणजे फरशीला, संडासाला, झाडांनासुद्धा चालतं. एक ड्रम ठेवा. बाराशेच्या बोअरवर मात्र तेच सोळाशे होतं, ते झाडांना घालू नका.

सहावी पायरी: कोटेशनवर सही करण्याआधी

इथं गोड बोलून लेखी घ्यायचं. फीड, म्हणजे मशीनला येणाऱ्या, पाण्याची कुठली मर्यादा धरून वॉरंटी दिली आहे? टीडीएस किती, कठीणपणा किती, क्लोरिन किती? आमच्या वेळी हे बारीक अक्षरात शेवटच्या पानावर होतं आणि पूर ओसरल्यावरच ते पान वाचलं गेलं. कंपनीनं हात वर केले, आणि कागद त्यांच्या बाजूनं होता.

कार्ट्रिजचे दर तीन वर्षांसाठी बांधून घ्या. काही मशीनमध्ये कार्ट्रिजला चिप असते आणि दुसऱ्याचं कार्ट्रिज मशीन घेतच नाही, हे आधीच विचारा. सुटे भाग कोल्हापुरात कुणाकडं आहेत? पुण्याहून येणारा इंजिनिअर किती तासांत येईल? २३० किलोमीटर काही लांब नाही, पण "उद्या येतो सर" हे वाक्य मी सलग चार दिवस ऐकलंय. रीडिंग २५ अंशांना जुळवून दाखवतं का? मीटरचं कॅलिब्रेशन कसं करायचं आणि प्रमाणपत्र मिळेल का? लॅबची मान्यता घ्यायला एनएबीएलला जायचं असेल तर हा कागद लागणारच.

आणि डेमो मागा. तुमच्या लॅबमध्ये, तुमच्या नळावर. कंपनीच्या शोरूममधलं पाणी सगळ्यांचंच शुद्ध निघतं.

सातवी पायरी: जागा, दाब, टाकी

दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभानं एक बार दाब येतो. तुमची टाकी मशीनच्या तीन मीटरच वर असेल तर मिळाला ०.३ बार. आरओ त्यावर चालत नाही, बूस्टर पंप हवा. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर. मशीनजवळ ड्रेन, आणि ड्रेन मशीनच्या खाली. हे सांगायची गरज पडू नये, पण एकदा पडली होती.

टाकी काळी किंवा अपारदर्शक, झाकण घट्ट, श्वास घ्यायला एअर फिल्टर. उन्हाजवळ ठेवली की शेवाळ. शुद्ध पाणी काचेच्या बाटलीत ठेवू नका, काच हळूहळू सोडियम आणि सिलिका सोडते. पहिल्या दर्जाचं पाणी तर साठवायचंच नाही. ते तोटीतून पडल्यापासून हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढायला लागतं आणि थोड्या वेळात एक मायक्रोसिमेन्सच्या आसपास येऊन थांबतं, पीएच साडेपाच-पावणेसहावर. म्हणून बीकरमध्ये घेऊन मोजलं तर १८.२ कधीच दिसणार नाही. मशीनवर ओरडू नका, ते मशीनच्या आतच मोजतात. तोटीला लांब रबरी नळी लावून लांबच्या कॅनमध्ये पाणी भरायची सवयही मोडा. त्या नळीत जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो आणि सगळी मेहनत शेवटच्या दोन फुटांत वाया जाते.

आठवी पायरी: बसवल्यावर पहिला महिना

इंजिनिअर हस्तांतराचा कागद पुढं करेल. त्याला चहा द्या आणि सही करण्याआधी बाकावरच्या तीन चाचण्या करा, आपल्या बाटल्यांतून. थोड्या पाण्यात दहा पीएचचं बफर आणि ईबीटी हा रंगदर्शक घाला: निळं राहिलं तर कठीणपणा नाही, कोकम सरबतासारखं लालसर झालं तर आहे. दुसऱ्या नळीत विरळ नायट्रिक आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब: दुधाळ झालं तर क्लोराइड. तिसऱ्यात जरा सल्फ्युरिक आणि फिकट गुलाबी दिसेल इतकंच परमँगनेट घालून पाच मिनिटं उकळा: गुलाबी रंग पार उडाला तर सेंद्रिय माल शिल्लक आहे. तिन्ही मिळून अर्धा तास, खर्च जवळजवळ शून्य.

मग रजिस्टर. रोज सकाळी फीडचा टीडीएस, आरओनंतरचा टीडीएस आणि शेवटचं रीडिंग, तीन रकाने. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी पहिले दोन-तीन लिटर सोडून द्यायचे. आरओ किती क्षार अडवतो ते पहिल्या दोन रकान्यांतून निघतं: फीड १५० आणि पुढं ३ म्हणजे ९८ टक्के. तो आकडा ९५च्या खाली सरकायला लागला की मेंब्रेनकडं बघा, रेझिन संपायची वाट बघू नका.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एक कार्ट्रिज, दोन कार्बन आणि सहा कांड्या जास्तीच्या मागवून कपाटात ठेवा. नदी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेल्यावर फोन करून उपयोग नसतो, तेव्हा सगळा जिल्हाच फोन करत असतो. तिसऱ्या दर्जाचे तीन-चार स्वच्छ कॅन भरून ठेवले तर पहिले दोन-तीन दिवस निघतात.

आमच्याकडं आता टीडीएस मीटर टाकीच्या झाकणालाच सुतळीनं बांधलाय. टँकर आला की पाइप जोडायच्या आधी मामा त्याच्याकडून अर्धा मग पाणी मागून घेतात, मीटर बुडवतात आणि चारशेच्या वर आकडा दिसला की हातानंच खूण करतात: पुढं जा.